भुताचा 'भ' भच राहिला पाहिजे: मराठीत हॉरर अक्षरं पहिल्यांदाच करत असाल तर

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या पोरांनी क्लबहाउसमध्ये भुताचा वाडा करायचं ठरवलं. काळे पडदे, भाड्याचं स्मोक मशीन, कोणाच्या तरी गावाकडचा करकरणारा झोपाळा, सगळं जमलं आणि बॅनर माझ्या गळ्यात पडला, कारण "काकू, तुम्हाला फोटोशॉप येतं ना". मला येत होतं ते वाढदिवसाचं कार्ड करण्यापुरतं. मी क्रीपस्टर नावाचा फॉन्ट उतरवला, नाव टाईप केलं तर अक्षरं साधीच आली, मग म्हटलं निदान भोवती जाडजूड लाल आउटलाइन तरी देऊ, आणि सहा बाय तीनचा फ्लेक्स मारून आणला. संध्याकाळी गेटपासून बघते तर काय, भ च्या डोक्यावर ती फट असते ना, ती आउटलाइननं पार बुजलेली. भ चा म झालेला. बॅनर लावला होता नेमका टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी, आणि लांबून ठसठशीत वाचलं जात होतं "मुताचा वाडा". पोरं दोन तास हसली, घाबरलं कोणीच नाही.

त्यानंतर मी बरंच शिकले, हौशी नाटकवाल्यांची पोस्टरं केली, एका दिवाळी अंकातल्या भयकथेचं शीर्षक केलं. जे काय ठेचा खाऊन कळलं ते खाली ओळीनं लिहितेय. कॉलेजची एकांकिका असेल, बाहेरच्या देशातल्या मराठी मंडळाची हॅलोविन पार्टी असेल किंवा यूट्यूबवरच्या भुताच्या गोष्टींचा थंबनेल असेल, पद्धत तीच.

काय काय लागेल

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. मोबाईलवर कॅनव्हात होतं थोडंफार, पण खाली जे ओघळ-बिघळ सांगितलेत ते मोबाईलवर करताना बोटं दुखतील.
- इंकस्केप, अक्षरांचे आकार काढायचं-बदलायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं. इलस्ट्रेटर किंवा कोरल येत असेल तर तेही चालेल.
- एक जाड, साधा, युनिकोड (म्हणजे मोबाईलवर, नेटवर मराठी ज्या पद्धतीनं टाईप होतं ती) देवनागरी फॉन्ट. हॉरर नको, साधाच. का ते सांगते.
- इंग्रजी शब्द असेल तरच एक इंग्रजी हॉरर फॉन्ट.
- ए-फोर कागदावर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायची सोय.
- पोस्टरवर काय लिहायचंय ते माहीत नसलेला एक माणूस. हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याला आधीपासून काहीही दाखवायचं नाही.

१. फॉन्टला देवनागरी येते का ते आधी बघा

नवीन माणूस पहिला आपटतो तो इथेच. गूगल फॉन्ट्सवर हॉरर फॉन्ट भरपूर आहेत, क्रीपस्टर आहे, रक्ताचे ओघळ असलेला नोसिफर आहे, बुचरमन, ईटर, ओल्या रंगासारखा रुबिक वेट पेंट, आणि एकापेक्षा एक भारी दिसतात, पण यातल्या एकातही देवनागरी नाही. तुम्ही फॉन्ट इन्स्टॉल करता, सिलेक्ट करता, मराठीत टाईप करता, वर फॉन्टचं नाव क्रीपस्टरच दिसत असतं आणि खाली अक्षरं मात्र मंगल किंवा निर्मलामध्ये येतात. कॉम्प्युटर एरर देत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट घालून मोकळा होतो. नाहीतर मग नुसते चौकोन येतात.

मंगल वाईट नाही हं, र. कृ. जोशींसारख्या नामांकित अक्षरकाराचं काम आहे ते, पण तो स्क्रीनवर वाचता यावं म्हणून केलेला फॉन्ट. त्यात "हडळ" लिहिलं की पाणीकपातीची नोटीस लागल्यासारखं वाटतं.

तपासायची सोपी रीत: गूगल फॉन्ट्सवर भाषेच्या फिल्टरमध्ये देवनागरी निवडा आणि नमुन्याच्या जागी तुमचं स्वतःचं शीर्षक टाईप करून बघा. हे फिल्टर लावल्यावर हॉरर म्हणावं असं हाताला फारसं काही लागत नाही. म्हणून तयार हॉरर फॉन्ट शोधण्यात रात्र घालवू नका. साधा जाड फॉन्ट घ्यायचा आणि तो आपण बिघडवायचा. शीर्षकात पाच-सात अक्षरं तर असतात, त्यासाठी अख्खा फॉन्ट कशाला हवा. जुन्या भयकथांच्या मुखपृष्ठांवरची अक्षरं हातानंच काढलेली असायची, आपण माऊसनं तेच करतोय.

पूर्ण फॉन्टच करून टाकू असं डोक्यात आलं असेल तर थोडं थांबा. देवनागरी म्हणजे क ते ज्ञ एवढंच नसतं, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफाराची, मात्रांची वेगवेगळी रूपं धरून काही शे आकार काढावे लागतात. ते वेगळं काम, वेगळा धंदा.

२. लायसन्स वाचा, दोन मिनिटं लागतात

फुकट उतरवता आला म्हणजे फुकट वापरता येतो असं नसतं. बऱ्याच साइटवर फॉन्टखाली बारीक अक्षरात "पर्सनल यूज" लिहिलेलं असतं. घरच्या वाढदिवसाला चालेल, पण तिकीट लावून प्रयोग करताय, पुस्तकाचं कव्हर करताय, टी-शर्ट छापून विकताय तर तो धंदा झाला, त्याला वेगळे पैसे द्यावे लागतात.

क्रीपस्टर, नोसिफर वगैरे ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. त्यांनी केलेलं पोस्टर विका, कव्हर विका, काही अडचण नाही, फक्त फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकायची नाही. खाली जे देवनागरी फॉन्ट सांगतेय तेही याच लायसन्सचे आहेत. फॉन्टबरोबर एक टेक्स्ट फाइल येते ती फेकू नका, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच पडू दे.

३. पायाचा फॉन्ट निवडा

इथे थोडा वेळ घालवा, कारण भीती कुठल्या प्रकारची ते इथेच ठरतं. रक्तबंबाळ वेगळं, जुन्या वाड्यातलं वेगळं, मांत्रिकाचं वेगळं.

मुक्ता, एक्स्ट्राबोल्ड. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. चेहरा नसलेला म्हणा ना, म्हणूनच उपयोगी. ओघळ, तडे, ओरखडे काहीही करा, सहन करतो. पहिल्यांदा करत असाल तर हाच घ्या.

जैनी. हाही एक टाइपचाच, जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या अक्षरांवर बेतलेला. पोथी, मंत्रतंत्र, तळघरात सापडलेली वही असला मामला असेल तर याच्यासारखा नाही. याला फार बिघडवू नका, नुसत्या कडा थोड्या झिजवल्या तरी काम होतं. ओघळ मात्र याला शोभत नाहीत, पोथीला सर्दी झाल्यासारखं दिसतं.

तेको किंवा खंड. उभट, चौकोनी, दाटीवाटीचे. वेबसिरीजच्या पोस्टरसारखं थंड, शहरी काही हवं असेल तर.

यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, त्यामुळे शेवटच्या लोकलमध्ये घडणारी गोष्ट असेल तर हा घेऊन बघाच. कलम हा हातानं लिहिल्यासारखा, "मी परत येणार" छाप चिठ्ठीसाठी ठीक.

मोदक आणि बलू टाळा. मोदक एवढा गुबगुबीत आहे की त्यातलं भूत कडेवर घ्यावंसं वाटतं. लहान पोरांची पार्टी असेल तर मात्र खुशाल घ्या, तिथे तोच बरा. रोझा वन दिसायला देखणा आहे पण त्याच्या बारीक रेषा ओरखडे मारले की तुटतात, पहिल्या वेळी नको.

४. नाव टाईप करा आणि अक्षर न् अक्षर तपासा

युनिकोडमध्येच टाईप करा. छपाईवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात, त्यातला मजकूर तुमच्याकडे उचलून आणलात की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो, आणि तुमचा युनिकोड मजकूर तिकडे गेला की तिकडे तीच गत.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल, जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेलं दिसत असेल तर तो फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाईप या भागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, फोटोशॉप बंद करून चालू करा. इलस्ट्रेटरमध्ये तिथेच इंडिक ऑप्शन्स चालू करायचे असतात. मी हे माहीत नसताना एक अख्खा रविवार प्रत्येक वेलांटी वेगळ्या लेयरवर टाईप करून सरकवत बसले होते, हसू नका.

आता मराठीच्या खास भानगडी. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात त्यामुळे हे तीन-चार शब्द टाईप करून बघायची मी सवयच लावून घेतलीय:

- गिऱ्हा. कोकणातलं पाण्यातलं भूत. यातला र ह च्या आधी आडव्या पापणीसारखा दिसला पाहिजे. डोक्यावर रफार आला तर एकतर टायपिंग चुकलंय नाहीतर फॉन्टमध्ये ती सोय नाही. टाईप करताना साधा र नाही, ऱ घ्यायचा, मग पाय मोडायचा, मग ह. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो.
- ब्रह्मसमंध. ब्र आणि ह्म दोन्ही नीट जुळतात का बघा.
- लावसट, स्मशान. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी ते बघा. हिंदी वळणाचे आले तर जग बुडत नाही, पण आपल्या डोळ्याला खटकतं. टायरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये मराठी वळणाचेच मिळतात, पण तो पुस्तकी चणीचा आहे, जाड नाही.
- ॲसिड किंवा ॲम्ब्युलन्स. हा ॲ युनिकोडमध्ये उशिरा आला, २००८ मध्ये, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये कधी कधी नसतो.

आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण विसरून जा. इंग्रजी हॉरर पोस्टरवर अक्षरं लांब लांब ठेवलेली दिसतात, गूढ वाटतं, म्हणून आपणही स्लायडर ओढतो आणि शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांची होते. "हडळ" चं "ह ड ळ" होतं, बाराखडीच्या तक्त्यासारखं.

५. टेक्स्टचा पाथ करा

इथपर्यंत अक्षरं म्हणजे टाईप केलेला मजकूर आहे. आता त्याचा आकार करायचा. इंकस्केपमध्ये टेक्स्ट सिलेक्ट करून कंट्रोल डी नं एक कॉपी करा, मूळ टेक्स्ट बाजूला सरकवून ठेवा (शुद्धलेखनाची चूक सापडणार, सापडतेच, तेव्हा हे टेक्स्ट लागेल). कॉपीवर शिफ्ट कंट्रोल सी म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ. मग शिफ्ट कंट्रोल जी नं ग्रुप सोडा, सगळं सिलेक्ट करून कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, म्हणजे युनियन.

युनियन विसरू नका. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, युनियन न करता आउटलाइन दिली की प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते, सुऱ्यानं काप काढल्यासारखी. एकदा मला वाटलं होतं छान इफेक्ट आलाय, तो इफेक्ट नव्हता.

६. ओघळ

आता मजा. सगळ्यांना ओघळच हवे असतात आणि सगळ्यात जास्त घोटाळे त्यातच होतात, म्हणून हे सावकाश सांगते.

इंग्रजी अक्षर ओळीवर उभं असतं, त्यामुळे खालच्या टोकाला ओघळ लावला की काम झालं, डब्ल्यूला चार थेंब लावा नाहीतर चाळीस, तो डब्ल्यूच राहतो. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि वर, खाली, बाजूला सगळीकडे काही ना काही लागून त्यांचा उच्चार बदलतो. म्हणजे तुम्ही रक्ताचा थेंब म्हणून जे टाकता ते वाचणाऱ्याला मात्रा, अनुस्वार, उकार काहीही वाटू शकतं.

"चकवा" हा शब्द घेऊ, मी यावर हात चांगलाच पोळून घेतलाय. पहिल्या प्रयत्नात मी च च्या पुढे शिरोरेषेवरून एक मस्त लांब ओघळ सोडला. तो झाला काना. "चाकवा". नाटकातल्या एकानं शांतपणे विचारलं, भाजीवर आहे का नाटक? चाकवत म्हणायचं होतं त्याला. मग तो ओघळ काढून क च्या पोटाखाली लावला तर "चकुवा". मग वैतागून खालचं सगळं पुसलं आणि वरून दोन रक्ताचे शिंतोडे उडवले तर एक नेमका च च्या डोक्यावर बसला, "चंकवा".

तर त्यातून काढलेले माझे नियम, शास्त्र नाही, अनुभव:

शिरोरेषेवरून खाली येणारा ओघळ अक्षराच्या उंचीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. त्याच्यापुढे गेला की डोळा त्याला काना समजायला लागतो. दोन अक्षरांच्या मधल्या जागेत तर त्याहून आखूड.

लांब ओघळ हवाच असेल तर तो काना असलेल्या अक्षराच्या कान्यालाच लावा. च, व, त, प यांचा उभा दांडा खाली संपतो, तिथून सरळ खाली निमुळता होत जाऊ द्या, वाचणाऱ्याला फक्त दांडा लांबलाय एवढंच वाटतं. "चकवा" मध्ये शेवटचा काना मी पोस्टरच्या पार खालपर्यंत नेला, तारखेच्या ओळीपर्यंत, आणि तेच पोस्टर चाललं.

गोल बुडाच्या अक्षरांना, म्हणजे ट, ठ, ड, ढ, द, ळ, खालून काही लावू नका. तिथे काहीही लोंबलं की उकार वाटतो. ह ची गोष्ट वेगळी, त्याची शेपूट आधीच खाली वळलेली आहे, तिलाच ओढून लांब करा, हडळ साठी तर सोन्याहून पिवळं.

सुटा थेंब, म्हणजे ओघळापासून तुटून खाली पडणारा, अक्षराच्या बरोबर खाली नको, नुक्ता (उर्दू शब्दांत अक्षराखाली देतात ते टिंब) वाटतो. थोडा बाजूला आणि चांगला लांब पाडा. शिरोरेषेच्या वर शिंतोडे टाकूच नका. टाकायचेच तर अक्षरांपासून दूर, कोपऱ्यात, आणि एकदम पाच-सहा, म्हणजे अनुस्वार वाटणार नाहीत.

ओघळ काढायचा कसा: पेन टूलनं, इंकस्केपमध्ये बी दाबा, शिरोरेषेच्या आत सुरुवात करून एक लांबट आकार काढा, वर रुंद, मध्ये बारीक, खाली टोकाला थेंबासारखा फुगलेला. शिरोरेषेला जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना आतल्या अंगानं गोलाई हवी, काटकोन राहिला की कंगव्याचे दात दिसतात. मग एन दाबून नोड (आकाराच्या रेषेवरचे ठिपके) हलवा, मनासारखं झालं की युनियन. एकच ओघळ कॉपी करून पाच ठिकाणी चिकटवलात तर लगेच कळतं, प्रत्येकाची लांबी, जाडी वेगळी हवी, आणि दोन ओघळांत अंतरही सारखं नको. पाच-सात अक्षरांच्या शब्दाला तीन ते चार ओघळ पुरे. त्याच्यावर गेलात की आइस्क्रीम पार्लर.

७. तडे, ओरखडे, झिजलेल्या कडा

कडा झिजवायला इंकस्केपमध्ये पाथ इफेक्टमध्ये रफन नावाचा इफेक्ट आहे. आकडे लहान ठेवा. खूप वाढवलं की अक्षर कुत्र्यानं चावल्यासारखं होतं आणि फाइलही जड होते. ओरखडा म्हणजे पेन टूलनं एक लांब, दोन्ही टोकांना निमुळता आकार काढायचा, अक्षरांवर तिरका ठेवायचा, दोन्ही सिलेक्ट करून कंट्रोल आणि वजाचं चिन्ह. तेवढा भाग कापला जातो.

कुठून कापताय ते मात्र बघा. माझ्या बॅनरचं दुखणं इथलंच. भ आणि म मध्ये, घ आणि ध मध्ये फरक काय, तर डोक्यावरची छोटीशी फट. फट बुजली की भूत चं काय होतं ते सांगितलंच वर. उलट्या बाजूनं, घ च्या डोक्यावरून ओरखडा गेला की "अघोरी" चा "अधोरी" होतो. म्हणून या चार अक्षरांच्या डाव्या डोक्याला हात लावायचा नाही, आउटलाइन दिलीत तर झूम करून फट उघडी आहे ना ते बघायचं, बारीक झाली असेल तर नोड ओढून मुद्दाम मोठी करायची. मी आता आउटलाइन देतच नाही सहसा, त्याऐवजी मागे तोच आकार थोडा खाली-उजवीकडे सरकवून गडद रंगात ठेवते.

ख पण लबाड आहे. मधून तडा गेला की "खवीस" चं "रववीस" होतं. आणि शिरोरेषा शब्दाच्या मध्ये पूर्ण तोडली की एका शब्दाचे दोन शब्द. तोडायचीच असेल तर शेवटच्या अक्षराच्या पुढे जे टोक उरतं तिथे तोडा, तिथे कितीही खेळा.

८. रंग

काळ्यावर गडद लाल. सगळे हेच करतात, मीही केलं. स्क्रीनवर मागून उजेड असतो म्हणून ते छान दिसतं, कागदावर आणि फ्लेक्सवर ते काळ्यात बुडून जातं, दहा फुटांवरून नुसता काळा आयत. अक्षरं मळकट पांढरी किंवा जुन्या हाडासारखी पिवळट ठेवा आणि लाल फक्त ओघळांना. छपाईसाठी लाल करताना त्यात काळा टाकू नका, गडद करायचा मोह होतो पण छापून आल्यावर तो तपकिरी दिसतो. फाइल एकदा पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तशात नाव वाचता आलं तर रंग बरोबर आहेत.

९. बाकीचा मजकूर साधा ठेवा

हॉरर अक्षरं फक्त नावाला. तारीख, वेळ, ठिकाण, तिकीट हे मुक्ताच्या रेग्युलरमध्ये, सरळ. पाटीवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, दर १० फुटांमागे १ इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, म्हणजे ३० फुटांवरून वाचायला हवं असेल तर तारखेचं अक्षर ३ इंचांचं लागेल, आणि ओघळवालं नाव त्याच्या दुप्पट तरी, कारण बिघडवलेलं अक्षर लांबून आधी मरतं.

इंग्रजी शब्दही असेल, "हॉन्टेड हाउस" वगैरे, तर तिथे क्रीपस्टर खुशाल वापरा. दोन्ही लिप्या तितक्याच जोरात ओरडायला लागल्या तर कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणून मराठी मोठं आणि इंग्रजी त्याच्या निम्मं. नोसिफर फार रुंद आहे, दोन शब्दांतच पोस्टरची रुंदी संपते.

१०. छपाईला देताना

ए-थ्री पोस्टर असेल तर २९७ बाय ४२० मिलिमीटर, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. फ्लेक्सला एवढं लागत नाही, तो लांबून बघायचा असतो, खऱ्या मापात १०० डीपीआय भरपूर झालं, म्हणजे ६ बाय ३ फुटांना ७२०० बाय ३६०० पिक्सेल.

सगळं टेक्स्ट, तारीख-वेळसुद्धा, पाथ करूनच द्या. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट कंट्रोल ओ. छपाईवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसला की त्याचं मशीन दुसराच घालतं, आणि तो बिचारा रात्री अकराला पन्नास फ्लेक्स सोडत असतो, तो वाचून बघणार नाही. पीडीएफ द्या आणि सोबत एक जेपीजी द्या, "हे असं दिसलं पाहिजे" म्हणून. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तुमचे बारीक ओरखडे वाटेतच विरघळतात.

कडेला अर्धा-एक इंच मोकळा सोडा. फ्लेक्सला कडेनं रिंगा मारतात, माझ्या दुसऱ्या एका बॅनरवर रिंग नेमकी मुंजाच्या अनुस्वारात बसली होती. तशी शोभलीही होती म्हणा.

११. वाचून घ्या

छापायच्या आधी ए-फोरवर काळी-पांढरी प्रिंट काढा, भिंतीला लावा, आणि त्या माणसाला बोलवा ज्याला काहीच माहीत नाही. "कसं वाटतं" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. नुसतं "वाच" म्हणा. दोन सेकंदांत वाचलं तर छापा. अडखळला तर कुठल्या अक्षरावर अडखळला ते बघा, तिथला एक ओघळ काढा, पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, कारण पहिल्याला आता शब्द पाठ झालाय.

माझ्याकडे हे काम सासूबाई करतात, चष्मा काढून, सोफ्यावरून. यंदा पोरांनी "गिऱ्हा" ठरवलंय. परवा प्रिंट लावली तर त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक? कोण गिऱ्हाईक?" पुढचं अख्खं "ईक" त्यांनी शेवटच्या कान्याला लावलेल्या दोन ओघळांतून वाचलं होतं. त्यातला एक मी काढलाय, उद्या परत लावते.